संहिता आणि पदपाठ

बंगळूर शहराच्या उत्तरेस, बेल्लारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हेब्बाळ नावाचे एक जुने गाव आहे. गाव म्हणावयाचे ते केवळ सवयीने. कारण महानगराने त्याला केव्हाच आपल्या पोटात घेतले आहे. जुन्या तळ्याच्या कडेने आता उड्डाणपूल गेला आहे. रस्त्यालगत व्यवसायसंकुले उभी राहिली आहेत. त्यांतील एकाला तर किर्लोस्कर हे मराठी माणसाच्या परिचयाचे नाव आहे. जवळच नागवाऱ्याच्या अंगाला असलेल्या उंच इमारतींतून हजारो तरुण दिवसभर संगणकाचे प्रोग्राम लिहीत, आणि त्याहूनही अधिक वेळ ते वाचीत, बसलेले असतात. याच हेब्बाळात 2018 साली गटाराचे काम चालू असता एक कोरीव शिळा उजेडात आली. अभ्यासकांनी तिचा काळ इसवी सन 750 च्या सुमाराचा ठरविला. गंगवंशातील राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतील हा वीरगळ असून किट्टय्य नावाच्या वीराचे लढाईतील मरण त्यावर नोंदलेले आहे. बंगळुरात सापडलेल्या कन्नड शिलालेखांत तो सर्वांत जुना मानला जातो.

अशा शिळेपुढे उभ्या राहणाऱ्या वाचकाची पहिली अडचण लिपीची नसते. लिपी शिकता येते. खरी अडचण पुढची आहे. अक्षरे एकापुढे एक अखंड चालली आहेत. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे सांगणारी मोकळी जागा त्यांत नाही. राजाचे नाव कोठवर आणि त्याची बिरुदे कोठून, वीराचे नाव कोणते आणि त्याने केलेल्या कृत्याचा शब्द कोणता, हे वाचकाने आपल्या व्याकरणाच्या बळावर ठरवावयाचे असते. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. या शिळेवर ‘हेब्बाळ’ हीच अक्षरे शोधू जाणाऱ्याला ती सापडणार नाहीत. तेथे नाव आहे ते पेर्बोळल् असे. ‘पेर्’ म्हणजे मोठे आणि ‘पोळल्’ म्हणजे नगर. पुढे कन्नड भाषेत शब्दारंभीच्या पकाराचा हकार झाला, आणि त्या ओघात जुन्या पेर्बोळलाचे आजचे हेब्बाळ झाले. केवळ अक्षराला अक्षर जुळविणारा कारकून येथे ‘या गावाचा उल्लेख नाही’ असा शेरा मारून मोकळा होईल. भाषेचा इतिहास जाणणारा वाचक मात्र त्याच ठिकाणी थांबेल.

आठव्या शतकातील शिळा वाचणारा पंडित आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर बसून संगणकाची संहिता वाचणारा अभियंता यांच्यापुढील प्रश्न मुळात एकच आहे. अखंड दिसणाऱ्या मजकुरात सीमा कशा ओळखाव्यात? कोणते नाव येथे प्रथम जन्माला येत आहे, आणि कोणत्या नावाचा येथे नुसता उल्लेख होत आहे?

प्रोग्रामच्या मूळ मजकुराला मराठीत ‘संहिता’ हा शब्द रूढ झाला, तो ज्याने प्रथम योजला त्याने नकळत फार अचूक निवड केली. संहिता म्हणजे सांधलेले, जोडलेले. वेदांचे अखंड, संधियुक्त पठण ते संहितापाठ. त्यातील प्रत्येक पद सुटे करून म्हणावयाचे ते पदपाठ. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे, आणि तो पाठ म्हणजे वेदार्थाच्या अभ्यासाची पहिली पायरी समजली जाते. कारण पदे तोडावयाची कोठे हे ठरविताच अर्थही निम्मा ठरून जातो. मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांनी शब्दांचे ‘व्याकरण चालविले’, वाक्यांचे ‘पृथक्करण’ केले. त्यामागेही हीच दृष्टी होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हा अभ्यास मराठी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडत आला आहे. संगणकशास्त्रात ज्याला पार्सिंग म्हणतात ते हेच व्याकरण चालविणे होय. फरक इतकाच की, तेथे ते यंत्राला चालवावे लागते, आणि यंत्राला मनाने काही समजून घेण्याची सोय नसते.

ही गोष्ट किती नाजूक आहे, हे मोडी कागद वाचणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मोडी लेखनात आधी आडवी रेघ ओढली जाई आणि तिच्या आश्रयाने अक्षरे सलग धावत. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचा रिवाज नव्हता. समजा, अशा कागदात ‘तोरणावरपडला’ इतकी अक्षरे आली. कोणी ती ‘तो रणावर पडला’ अशी वाचील, तर एका वीराचा मृत्यू घडेल. दुसरा ‘तोरणावर पडला’ असे वाचील, तर सकाळचा उजेड दारावरच्या तोरणावर पडल्याचे साधेसुधे चित्र उभे राहील. अक्षर एकही बदललेले नाही. मागे काय आले आणि पुढे काय येणार, यावरच निर्णय अवलंबून आहे.

गंमत अशी की, संगणकाच्या पहिल्या मोठ्या भाषेने हाच घोळ आपणहून ओढवून घेतला. जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएम कंपनीसाठी तयार केलेली फोरट्रान भाषा 1957 साली प्रत्यक्ष वापरात आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 हा मोठा संगणक बसला, तेव्हा आपल्याकडील वैज्ञानिकांचाही तिच्याशी निकटचा परिचय झाला. या भाषेत मोकळ्या जागेला काहीच किंमत नव्हती. ‘डू 10 आय = 1,5’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ असा की, ‘आय’ची किंमत एकपासून पाचपर्यंत वाढवीत दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतचे काम पुनःपुन्हा करावे. पण स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर सारा अर्थ पालटे. मग ‘डू10आय’ हे एकच नाव ठरे आणि त्याला दीड ही किंमत दिली जाई. म्हणजे पहिली दोन अक्षरे आज्ञेची आहेत की नावाची आहेत, हे त्या स्वल्पविरामापर्यंत पोहोचल्याखेरीज कळण्याची सोय नव्हती. रण की तोरण, हाच तो प्रश्न.

हा गुंता सोडविण्यासाठी व्याकरणच हवे, हे त्या काळातील विचारवंतांनी ओळखले. नोम चॉम्स्की यांनी 1956 साली भाषांच्या व्याकरणांची बळाप्रमाणे प्रतवारी मांडली. 1959 साली बॅकस यांनी संगणकभाषेचे नियम लिहिण्याची एक आटोपशीर पद्धत सुचविली, आणि पीटर नाउर यांनी संपादिलेल्या आल्गोल 60 या भाषेच्या अहवालात ती सुधारलेल्या रूपाने अवतरली. या पद्धतीला दोघांच्या नावांवरून ओळखले जाऊ लागले. परंतु 1967 साली इंगरमन या अमेरिकन संशोधकाने असे सुचविले की, या लेखनपद्धतीशी जोडावयाचे नाव पाणिनीचे असावे. कारण तिच्याइतकी समर्थ रचना पाणिनीने कितीतरी शतके आधीच योजिली होती.

या सूचनेने भारतीय मनाला आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि आनंदाच्या भरात भेद विसरू नये. पाणिनीचे व्याकरण शुद्ध रूपे सिद्ध करून दाखविते. आयती आलेली वाक्ये यंत्राकडून फोडून घेण्यासाठी ते रचलेले नाही. तरीही अष्टाध्यायीच्या सुमारे चार हजार सूत्रांची मांडणी पाहिली म्हणजे आजच्या प्रोग्रामलेखकालाही आपल्या घरी आल्यासारखे वाटते. तेथे संज्ञासूत्रे आहेत. ती एखाद्या पारिभाषिक नावाचा अर्थ एकदाच सांगून ठेवतात आणि पुढे ते नाव नुसते वापरले जाते. तेथे अधिकारसूत्रे आहेत. त्यांचे राज्य एका ठिकाणी सुरू होते आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच चालते. मागच्या सूत्रातील शब्द पुढच्या सूत्रात न उच्चारताच चालत येतो. त्याला अनुवृत्ती म्हणतात. नावाची व्याख्या कोठे आहे, आणि तिची सत्ता कोठवर आहे, हे दोन प्रश्न ज्याला सुटले नाहीत त्याला अष्टाध्यायी कळत नाही. प्रोग्रामही कळत नाही.

आता या संहितेत शोधावयाचे असते ते काय, हे एका व्यवहारातील उदाहरणाने पाहता येईल. पेढीवरील खातेवही घ्यावी. खाते म्हणजे काय, हे एकदा ठरविले की, त्यात खातेदाराचे नाव आणि शिल्लक असते. त्यावर जमा करणे, नावे टाकणे आणि शिल्लक सांगणे या तीन क्रिया चालतात. खाते या कल्पनेचा हा जो साचा, त्याला प्रोग्रामच्या भाषेत क्लास म्हणतात, आणि त्याच्या अंगच्या क्रियांना मेथड म्हणतात. साच्याची व्याख्या संहितेत एकाच ठिकाणी लिहिली जाते. तिचा वापर मात्र हजार ठिकाणी होतो. ‘शिल्लक’ हा शब्द लाखो ओळींच्या संहितेत शोधला, तर तो पावलोपावली भेटेल. पण शिल्लक काढण्याची रीत जेथे सांगितली आहे, ती जागा एकच. व्याजाचा हिशेब चुकत असेल, तर दुरुस्ती त्या एका जागी करावयाची असते. ती जागा न सापडता जो इतरत्र डागडुजी करू लागेल, तो एका चुकीच्या दहा चुका करून ठेवील.

क्लास ही कल्पना नॉर्वेत जन्मली. ओस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन नीगार्ड यांनी 1967 च्या सुमारास सिमुला भाषेत ती प्रथम आणली. 1970 च्या दशकात अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक भाषा रचली व मेथड हा शब्द रूढ केला. त्या भाषेत सर्व क्लास आणि मेथड यंत्राच्या स्मृतीतच नोंदलेले असत. पडद्यावर त्यांची यादी मांडता येई आणि हवी ती व्याख्या उघडता येई. ज्या भाषांची संहिता साध्या फायलींत लिहून ठेवलेली असते, तेथे अशी आयती यादी नसते. ती संहिता वाचूनच तयार करावी लागते.

ही यादी करण्याचा सोपा मार्ग प्रथम चोखाळला गेला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथे केन अर्नोल्ड यांनी सीटॅग्ज नावाचे एक छोटे साधन लिहिले. ग्रंथाच्या शेवटी नामसूची असते, तशी संहितेची सूची ते तयार करी: नाव कोणते, कोणत्या फायलीत, आणि तेथे कोणत्या खुणेने शोधावे. व्याख्येची ओळ साधारणपणे ज्या वळणाची असते ते वळण ओळखावे, आणि पूर्ण व्याकरण चालविण्याच्या भानगडीत पडू नये, असे त्याचे धोरण होते. साधन चपळ होते आणि लोकांना ते फार उपयोगी पडले. त्याचे वंशज आजही वापरात आहेत.

परंतु वळण ओळखणे म्हणजे वाचणे नव्हे. लेखक संहितेत जागोजागी स्वतःसाठी टिपा लिहून ठेवतो. ‘येथे पुढे खाते हा क्लास घालावयाचा आहे’ अशी टीप असेल, तर वळणावर विसंबणारे साधन न जन्मलेल्या क्लासची सूचीत नोंद करील. अवतरणचिन्हांतील मजकुराचेही तसेच. त्याहून मोठी अडचण कंसांची. अनेक भाषांत क्लासचा विस्तार महिरपी कंसात बांधलेला असतो. त्याच्या पोटात मेथडचे कंस, त्यांच्या पोटात अटींचे कंस, आणि कधी क्लासच्या आत दुसरा क्लास. एखादी मेथड कोणत्या क्लासची, हे सांगावयाचे तर उघडलेला प्रत्येक कंस कोठे मिटला याचा हिशेब ठेवावा लागतो. नुसत्या वळणाला हा हिशेब जमत नाही, कारण त्याला कितीही खोलवर मोजता येत नाही. त्यासाठी म्यूनिकमधील बाउअर आणि सामेलसोन यांनी 1950 च्या दशकातच स्टॅक या रचनेचा मार्ग दाखविला होता. पंगतीच्या ताटांची चळत असते त्याप्रमाणे शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावयाचे. शेवटी उघडलेला कंस आधी मिटवावयाचा. 1965 साली डोनाल्ड क्नूथ यांनी या रीतीला गणिताची भक्कम बैठक दिली, आणि मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचीत त्याचे व्याकरण चालविणारी यंत्रे निःशंकपणे बांधता येऊ लागली.

कधी कधी तर व्याकरणही एकटे पुरे पडत नाही. सी भाषेत ‘क * ख’ असे लिहिलेले आढळले, तर तो गुणाकार असू शकेल. किंवा क हा एक प्रकार असून, त्या प्रकारच्या वस्तूचा पत्ता सांभाळणारे ख हे नवे नाव येथे जन्मास येत असेल. निर्णय द्यावयाचा तर क ची व्याख्या मागे कशी झाली होती, हे ठाऊक असावे लागते. म्हणजे व्याख्या शोधण्यासाठी वाचावयाचे, आणि वाचण्यासाठी व्याख्या आधी सापडलेली हवी. पेर्बोळल् म्हणजेच हेब्बाळ, हे ज्याला आधी ठाऊक आहे त्यालाच शिळेवर हेब्बाळ दिसते, तसेच हे आहे.

या विद्येची खरी कसोटी लागली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. जुन्या प्रोग्रामांतून वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची पद्धत होती. 2000 साल उजाडताच यंत्रे त्याला 1900 समजतील, ही भीती जगभर पसरली. पेढ्या, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांच्या कोट्यवधी ओळी तपासावयाच्या होत्या, आणि त्यांच्या मूळ लेखकांपैकी अनेकजण निवृत्त झाले होते. तारीख साठविणाऱ्या नावात ‘तारीख’ हा शब्द असेलच याचा भरवसा नव्हता. व्याख्येपासून निघून, ती किंमत कोणकोणत्या नावांत उतरली याचा माग काढावा लागे. भारतातील संगणक-व्यवसायाला या कामाने मोठे बळ दिले. पुण्यात 1981 साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने स्थापन केलेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये यंत्राकडून प्रोग्राम वाचवून घेण्याच्या साधनांवर दीर्घकाळ संशोधन झाले. झुरिक येथे पास्कल भाषेच्या सुप्रसिद्ध कंपायलरच्या रचनेत ज्यांचा वाटा होता, ते केसव नोरी पुढे याच संस्थेत आले. इकडे पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरशास्त्रात संशोधन केले आणि त्यावर पाठ्यपुस्तके लिहिली. देशातील कित्येक विद्यार्थ्यांची या विषयाशी पहिली ओळख त्या पुस्तकांतून झाली.

जुन्या संहितांवर काम करताना एक नवीच अडचण पुढे आली. व्याकरण निर्दोष असले, तरी मजकूर निर्दोष नसतो. कोठे पोटभाषेचे शब्द मिसळलेले, कोठे ओळी गहाळ. काटेकोर वाचक पहिल्याच चुकीपाशी ‘अशुद्ध’ म्हणून थांबतो आणि पुढचे काहीच सांगत नाही. यावर हॉलंडमधील संशोधकांनी एक सुंदर तोड काढली. लिओन मूनेन यांनी 2001 साली तिचे सविस्तर विवेचन केले. तिला द्वीप-व्याकरण म्हणता येईल. आपल्याला हव्या असलेल्या रचनांचे, म्हणजे क्लासचे आणि मेथडचे, नियम बारकाईने लिहावयाचे, ती बेटे. बाकीचा सारा मजकूर पाणी समजून ओलांडून जावयाचे. वळण ओळखणाऱ्याची चपळाई आणि व्याकरणाची खातरी यांचा हा समेट होता. शिलालेख वाचणारेही पूर्वापार हेच करीत आले आहेत. झिजलेल्या ओळींतून राजाचे नाव, गावाचे नाव, वीराचे नाव एवढी बेटे आधी निश्चित करावयाची आणि मग मधल्या पाण्याचा तळ लागतो का ते पाहावयाचे.

आज हे वाचन सतत चालू असते. लेखकाच्या बोटांखाली संहिता नेहमीच अर्धवट असते. कंस उघडलेला, वाक्य अपुरे. 2018 मध्ये, म्हणजे हेब्बाळची शिळा सापडली त्याच वर्षी, प्रसिद्धीस आलेले ट्री-सिटर हे साधन अशा तुटक मजकुराचेही व्याकरण प्रत्येक नव्या अक्षराबरोबर चालवीत राहते, आणि चूक आढळली तर तेवढाच भाग बाजूला ठेवून पुढे जाते. अलीकडे अंदाजाने संहिता लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांच्यामुळे लिहिण्याचे श्रम कमी झाले, पण वाचण्याची जबाबदारी मात्र वाढली. वेगाने लिहिलेल्या मजकुरात कोणत्या नावाची व्याख्या खरोखर केलेली आहे आणि कोणते नाव नुसतेच गृहीत धरले आहे, हे अखेर व्याकरणालाच विचारावे लागते.

मजकूर टिकला म्हणजे ज्ञान टिकले, असे होत नाही. मोडीची लाखो कागदपत्रे दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत. पण ती वाचणारे थोडे, म्हणून त्यांतील माणसे अजून मुकी आहेत. जुन्या संहितांचीही तीच गत होऊ शकते. पेढीचे व्याज, रेल्वेचे आरक्षण, निवृत्तांचे वेतन आज ज्या लक्षावधी ओळींवर चालते, त्यांतील नावे कोठे जन्मली हे सांगणारा उरला नाही, तर त्या ओळी चालत राहतील, पण कोणाच्या राहणार नाहीत.

हेब्बाळच्या शिळेवरील तो वीर सुमारे साडेबाराशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हता. अक्षरे होती, दगड होता, गावही होते. ज्या दिवशी कोणी त्या अखंड ओळीत नेमक्या जागी छेद दिला आणि ‘हे नाव आहे’ असे म्हटले, त्या दिवशी किट्टय्य पुन्हा माणसांत आला.